भिंतीवरचा पडदा

गुरुवार, १५ एप्रिल १९९९

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. लोखंडी खुर्चीवर उभा राहून खोली मोजत होतो. लांबी दहा फूट दोन इंच, रुंदी आठ फूट. उंची दाराकडे नऊ फूट, मागच्या भिंतीकडे आठ फूट चार इंच. पत्रे मागे उतरते आहेत हे रोज दिसत होते, पण मोजल्यावर बरे वाटले.

ही दैनंदिनी रंगाच्या कंपनीची आहे. मी पावत्या लिहितो त्या रंगाच्या दुकानात चार आल्या होत्या, तीन गिऱ्हाइकांना गेल्या. उरलेली मालकांनी, म्हणजे दादासाहेबांनी, काल मला दिली. म्हणाले, "पावत्यांच्या पाठीवर लिवत बसतूस, ते बंद कर. हितं लिव." पहिल्या पानावर नाव घातले, सिद्धनाथ आबाजी कोकरे. मूळ गाव लासुर्णे, हल्ली मुक्काम बारामती. शिक्षणाच्या रकान्यात नववी लिहिले आणि खोडले. नववी पुरी झाली नव्हती. आठवी लिहिले.

लग्नाला आज बेचाळीस दिवस झाले. रेश्मा लग्नानंतर लासुर्ण्याला आमच्या घरी पाच दिवस होती, मग रीतीप्रमाणे पळसदेवला माहेरी गेली. खोली लावून झाली की मूळ धाडतो, म्हणजे तिला आणायला माणूस पाठवतो, असे मी सासऱ्यांना सांगितले आहे. खोली अजून लागलेली नाही.

त्या पाच दिवसांत ती माझ्याशी आपणहून एकदाच बोलली. हौदापाशी. "बारामतीच्या खोलीला खिडकी हाय का?" तेवढ्यात आई बादली घेऊन आली आणि उत्तर राहिले.

खोलीला खिडकी नाही.

रविवार, १८ एप्रिल

अक्षय्य तृतीया. घरमालकीण ठमाआत्यांनी वाटीभर आमरस आणि दोन पोळ्या दिल्या. त्या शेजारच्या खोलीत एकट्या राहतात. मागच्या मोकळ्या जागेत त्यांच्या तीन शेळ्या आहेत. त्यांची मुलगी पुण्याला असते, ती येणार होती, आली नाही. रस चार माणसांचा केलेला होता.

"खा रं, नासून जाईल."

दारात उभा राहूनच खाल्ले. खोलीत रंगाचे डबे पसरले आहेत. वाटी घासली, पण रिकामी परत देता येत नाही, आईने तसे शिकवलेले नाही. साखर घातली तर साखर पुढच्या रविवारपर्यंत पुरणार नाही. शेवटी दोन चमचे घातली आणि वाटी सपाट दिसेल अशी हलवली.

आत्या म्हणाल्या, "मुंगीला आणलीस व्हय?"

रविवार, २५ एप्रिल

रंग दिला. दुकानात गिऱ्हाइकांनी परत केलेले, चुकीचे मिसळलेले डबे असतात. दादासाहेब ते मला वीस रुपयांना एक असे देतात. तीन भिंतींना पुरेल एवढा मोतिया मिळाला. चौथीला, म्हणजे मागच्या भिंतीला, पुरला नाही. तिला पिस्ता दिला. दारातून पाहिले की पिस्ता भिंत आधी डोळ्यांत भरते. मुद्दाम केल्यासारखे दिसते की पुरला नाही म्हणून केल्यासारखे, हे संध्याकाळपर्यंत ठरवता आले नाही. कोणाला विचारावे तर कोणी नव्हते.

आंब्याच्या दोन पेट्या घासून, उभ्या करून मांडणी केली. कडेला कागदाची झालर लावली, चार रुपयांची, कमळे असलेली. पेटीवर रत्नागिरी असे छापलेले होते, ती बाजू भिंतीकडे केली.

गुरुवार, २९ एप्रिल

बाजाराचा दिवस. दुपारी दुकानाच्या पायरीशी जयवंतामावशी आल्या. त्या पळसदेवच्या, सासऱ्यांच्या शेजारी राहतात. दर गुरुवारी उजनीची चिलापी मासळी घेऊन इथल्या बाजारात बसतात.

"पाव्हणं, तुमच्या सासूबायनं शेवया दिल्यात. आन् ही चिठ्ठी. डब्याला मासळीचा वास लागला आसंल तर मला शिव्या द्या, तिला न्हाय."

पितळी कडीचा डबा आहे, झाकणावर सासूबाईंचे नाव ठोकलेले, मुक्ताबाई रा. खरात. चिठ्ठी सासऱ्यांच्या नावाने होती, पण अक्षर रेश्माचे. सातवीपर्यंत शिकली आहे, अक्षर टपोरे आहे. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते, ते पेन्सिलीने दुरुस्त केले. मग लाज वाटली आणि खोडले.

मजकूर असा : मूळ कधी धाडता. येत्या धोंड्याच्या महिन्याआधी आले तर बरे, अधिक महिन्यात लेक सासरी धाडता येत नाही. शेवटी एक ओळ, "पोरगी विचारते खोलीला खिडकी आहे का."

रविवार, २ मे

उत्तर लिहिले. तीन वेळा कच्चे केले. खिडकीची ओळ सोडून द्यावी असे आधी ठरवले होते. सोडली असती तर नाही असाच अर्थ झाला असता. लग्नात तिच्या चुलत्याने सगळ्यांदेखत मला विचारले होते, "जावईबापू, खोली हाय का खुराडं?" सगळे हसले होते. ती हसली की नाही ते मुंडावळ्यांमुळे दिसले नाही.

शेवटी लिहिले, "खोलीस खिडकी आहे. पडदा लावावयाचा आहे."

पाकीट चिकटवले. पेटीत टाकले. धोंड्याच्या महिन्यापूर्वी मूळ धाडतो की नाही, याबद्दल काहीच लिहिले नाही, हे पोस्टातून परत येताना लक्षात आले.

सोमवार, ३ मे

पडद्याचे कापड घेतले. हिरवे, त्यावर पिवळी फुले. अडीच मीटर, बावीस रुपये मीटर. सळई अठरा रुपये. पिस्ता भिंतीवर मधोमध लावला, अगदी लेव्हल धरून. दारातून पाहिले तर मागे खिडकी आहे असेच वाटते.

निम्मे तरी खरे झाले. पडदा लावला आहे.

गुरुवार, ६ मे

मुक्ताबाईंचा डबा जयवंतामावशींकडे परत दिला. काय घालावे याचा तीन दिवस विचार केला. पावशेर खडीसाखर घातली.

रविवार, ९ मे

ठमाआत्यांच्या कुरडया. पहाटे त्यांनी गव्हाचा चीक शिजवला आणि मला हाक मारली. ताटलीत गरम चीक, वर दूध आणि गूळ. असे मी लासुर्ण्याला लहानपणी खाल्ले होते. दोन ताटल्या खाल्ल्या.

बदल्यात बाजेवर घातलेल्या कुरडया राखायला बसलो. कावळे एका बाजूने, शेळ्या दुसऱ्या बाजूने. माझ्या खोलीची मागची भिंत बाहेरून प्रथमच नीट पाहिली. विटा मातीत बसवलेल्या आहेत, गिलावा पडला आहे.

आत्या मागच्या ओट्यावर टेकल्या. "बायकू कवा आणतूस?"

"खोली लागली की."

"आजून काय लागायची ऱ्हायलीय? पडदा बी लावलास. त्यो कशापायी लावलास रं? भिताडाला थंडी वाजती व्हय?"

मी कावळा हाकलायला उठलो. त्यांनी मग विषय काढला नाही. सोऱ्यातून कुरडई पाडताना त्या एक पाडत आणि थांबत. खांदा दुखतो म्हणाल्या. पूर्वी मुलगी सोऱ्या दाबायची.

गुरुवार, १३ मे

डबा परत आला. आत कुरडया. पत्र नाही. जयवंतामावशींना विचारले, काही निरोप?

"निरोप डब्यात हाय म्हनली."

"कोण?"

"कोण म्हंजे? तुमची बायकू. पोरीनं सोता पाडल्यात कुरडया, आईला हात लावू दिला न्हाय."

खोलीवर येऊन डबा कागदावर रिकामा केला. एकवीस कुरडया. वीस गोल. एक भलतीच, चौकोनी, मधे उभी-आडवी रेघ. सोऱ्या अडकला असावा किंवा हात हलला असावा. चिठ्ठी कुठे नव्हती, कागदाच्या घडीतही नाही. निरोप राहून गेला असेल.

मोडकी आधी संपवावी म्हणून ती चौकोनी तळली. तेलात चांगली फुलली. अर्धी ठमाआत्यांना दिली. उरलेली पडद्यासमोर बसून खाल्ली. हलकी झाली होती, मीठ बरोबर होते. कोणाला तरी सांगावे असे वाटले.

सोमवार, १७ मे

धोंड्याचा महिना कालपासून लागला. आता तेरा जूनपर्यंत तिला आणता येणार नाही. हे कळल्यावर मला हायसे वाटले. असे का वाटावे, ते समजत नाही.

गुरुवार, २० मे

डबा शेंगदाणे भरून परत दिला. मावशींनी निरोप आणला. जावयाला धोंडे खायला बोलावले आहे, तीस तारखेच्या रविवारी. "आन् यायचं न्हाय म्हनू नगा, म्हाताऱ्यानं तुमच्यासाठी टावेल-टोपी घेऊन ठिवलीय."

दुकानात फार काम आहे, असे मी म्हणालो. दादासाहेब आतून ओरडले, "रविवारी दुकान बंद आस्तंय रं!"

रविवार, ३० मे

सकाळी सातच्या गाडीने भिगवण, तिथून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने पळसदेव फाटा. आता रात्रीचे साडेआठ, खोलीवर परत. जसे झाले तसे क्रमाने लिहितो.

सासऱ्यांचे घर मी आधी पाहिलेले नव्हते. लग्न आमच्या दारी झाले होते. धरण झाल्यावर गाव उठले तेव्हा वर येऊन बांधलेले, दोन खोल्या, पत्र्याच्या भिंती. चुलीचा धूर आत कोंडतो. मी बसलो त्या जागेवरून सगळ्या भिंती पाहिल्या. एकाही भिंतीला खिडकी नाही.

पाटावर बसवले, ओवाळले. टॉवेल-टोपी. ताटात पुरणाचे धोंडे आणि वाटीभर तूप. मुक्ताबाई म्हणाल्या, "वाढ की गं आजून, तुझं मानूस हाय." रेश्माने वाढले. मी सात खाल्ले. सासरे रामहरीमामांनी नऊ मोजले म्हणून सांगितले. सगळे हसले, पण लग्नातल्यासारखे नाही.

जेवणानंतर मामांची म्हातारी आई खोलीबद्दल विचारू लागली. मग आपलेच सांगत बसली. पाण्याखाली गेलेल्या घराला नदीकडे खिडकी होती, तिच्यात बसून ती तांदूळ निवडायची. "ह्या पोरीला म्यां एवढं सांगितलंय, एवढं सांगितलंय, की सोता त्यात बसल्यागत बोलती." मग म्हणाली, "जा गं, देऊळ दाव पाव्हण्यांना. पानी खाली गेलंय."

आम्ही दोघे गाळातून चालत गेलो. ती पुढे, मी चार पावले मागे. देवळाचे दगड उघडे पडले आहेत. अलीकडे पडक्या भिंतींच्या रांगा, गुडघाभर. तिने एक दाखवली. "ही आमची. खिडकी हितं कुटंतरी." तिथे काही नव्हते, चिखल आणि शिंपले.

मग तिने विचारले, "पडदा कंच्या रंगाचा हाय?"

"हिरवा. पिवळी फुलं आहेत."

"आन् पडदा सारला की काय दिसतं?"

मी वाटेत उत्तर तयार केले होते. लिंबाचे झाड सांगायचे होते. तोंडातून आले, "भिंत."

ती थांबली. मी पायांकडे पाहत होतो.

"माजी कुरडई पोचली न्हाय का?"

"एकवीस पोचल्या."

"चौकोनी?"

"ती बिघडली होती. आधी तीच तळली."

"तळली!" तिने पदर तोंडावर घेतला आणि हसली. खांदे हलत होते. मलाही हसू येणार होते, तेवढ्यात ती हसायची थांबली. तेव्हा कुठे मला ती रेघ उभी-आडवी का होती ते दिसले.

"अवं, नसती तर न्हाय म्हनायचं. आमच्या बी घराला न्हाय. म्यां इचारलं, मागितलं न्हवतं." मग म्हणाली, "आता मी तितं आल्यावर मला रोज त्यो पडदा दावणार हुता का?"

मी म्हणालो, पिस्ता रंग पुरला नाही... नाही, मोतिया पुरला नाही. काय बोललो ते मलाच कळले नाही.

"मी न्हाय येत," ती म्हणाली. रागाने नाही. भाव जास्त सांगणाऱ्या दुकानदाराला सांगावे तसे. मग पुढे चालू लागली.

निघताना मुक्ताबाईंनी डबा भरून धोंडे दिले. मामा फाट्यापर्यंत आले, दोनदा म्हणाले, तेरा तारखेनंतर कधीही मूळ धाडा. तिने घरात काही सांगितलेले नाही, हे त्यावरून कळले. गाडीत डबा मांडीवर होता. इंदापूरहून आलेली एक नवी जोडी पुढच्या बाकावर होती, ती पोरगी खिडकीशी बसून सगळ्या रस्त्याने ऊस बघत होती.

सोमवार, ३१ मे

दुकानात दोन पावत्या चुकल्या. आजवर एकही चुकली नव्हती.

मंगळवार, १ जून

पडदा काढला. सळईची दोन भोके राहिली आहेत. पिस्ता भिंत नुसती फार मोठी दिसते.

धोंडे दोन दिवस खाल्ले, आता विटतील. चार धोंडे वाटीत घालून ठमाआत्यांकडे गेलो. त्या शेळीचे दूध काढत होत्या. उभ्यानेच विचारले, "आत्या, मागच्या भिंतीला खिडकी पाडली तर चालेल का? खर्च माझा."

त्यांनी मान वर केली नाही. "पाड की. मला काय, भिताड पडलं न्हाय म्हंजे झालं."

"चालेल?"

"आरं, इचारायला दीड म्हयना लागला व्हय? मला वाटलं तुला अंधार आवडतोय." मग धोंडा हातात घेऊन पाहिला. "सासूनं दिलंय? बायकू बरी हाय न्हवं?"

मी सगळे सांगितले. कुरडईपर्यंत. सांगायला सात मिनिटेही लागली नाहीत. गोष्ट कुरडईशी आल्यावर आत्या म्हणाल्या, "आन् त्यातली अर्धी म्यां खाल्ली! आधी सांगायचं, शान्या!"

बुधवार, २ जून

भंगारच्या बाजारात लाकडी चौकट मिळाली, दीडशे सांगितले, एकशे दहाला दिली. दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. एक गज कमी आहे. दुकानातला निळा ऑईलपेंट अर्धा पाव उरलेला होता, दादासाहेबांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. ब्रशचे मात्र घेतले.

गुरुवार, ३ जून

मुक्ताबाईंचा डबा परत करायचा होता. साखर आणली होती, ती काढून ठेवली. हिरवा पडदा धुऊन, वाळवून, घड्या घालून डब्यात बसवला. झाकण लागेना, पुन्हा घड्या घातल्या. वर चिठ्ठी, एवढीच : "रुंदी दोन फूट, उंची अडीच फूट. रविवारी भिंत फोडणार." खाली सही करावी की नाही कळेना. केली.

मावशींनी डबा हलवून पाहिला. "हलका हाय. रिकामा धाडता का काय?"

"नाही, भरलेला आहे."

"काय घातलंय?"

सांगितले नाही. दुपारभर वाटत राहिले की चूक झाली. नवे कापड द्यायचे सोडून भिंतीवर टांगलेले उतरवून दिले. सासूबाईंनी डबा आधी उघडला तर काय समजतील?

रविवार, ६ जून

गवंडी सकाळी आठला आला. पेन्सिलीने रेघा मीच मारून ठेवल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या आणि म्हणाला, "एवढी सरळ तर ही भिंत बी न्हाय." दहाव्या घणाला वीट निघाली आणि आत ऊन आले.

उन्हात माझा रंग दिसला. ब्रशचे पट्टे, पत्र्याखाली राहून गेलेली जागा, मोतिया आणि पिस्ता भेटतात तिथली वाकडी ओळ. दिव्याच्या उजेडात यातले काही दिसत नव्हते. पुन्हा रंग द्यायला पैसे नाहीत.

दुपारी चौकट बसली. बाहेर आत्यांच्या शेळ्या, बाज, बाजेपलीकडे रस्त्याचा तुकडा. गवंडी हात धुवायला गेला तेवढ्यात एका शेळीने गज नसलेल्या जागेतून डोके आत घातले आणि मांडणीची कमळांची झालर खाल्ली. पूर्ण. आत्या बाहेरून म्हणाल्या, "आली बघ पहिली पाव्हणी."

एकट्याला बराच वेळ हसू आले. मग खोली शांत झाली. खिडकीतून आत्यांचा स्टोव्ह ऐकू येतो. त्या एकट्याच काहीतरी पुटपुटतात हे आज समजले.

गुरुवार, १० जून

सकाळपासून तीन वेळा पायरीवर जाऊन बाजाराच्या तोंडाशी पाहिले. दादासाहेबांनी विचारले, पोट बिघडलंय का.

जयवंतामावशी अडीच वाजता आल्या. डबा पुढे केला. "घ्या. आन् तुमचं ते डब्यातलं बोलनं आता बास करा, माजी मान मोडती."

दुकानात उघडला नाही. खोलीवर आल्यावर दार लावले, खिडकी उघडी ठेवली. वर पडदा. दोन फूट रुंदीचा कापून, चारही बाजूंनी टीप घालून, वर सळईसाठी नेफा घातलेला. उरलेल्या कापडाची एक पिशवी शिवलेली. त्याखाली कागदात एक कुरडई. चौकोनी, मधे उभी-आडवी रेघ.

चिठ्ठी नव्हती. या वेळी शोधलीही नाही. परत बाजारात गेलो, मावशी टोपली आवरत होत्या.

"ती काही म्हणाली?"

"म्हनली, धोंडा सरला की सोमवारी या. मूळ म्हनून दुसऱ्या कुनाला धाडू नगा, सोता या."

नवऱ्याने स्वतः मूळ म्हणून जाण्याची आमच्यात रीत नाही. आईला काय सांगावे याचा विचार उद्या करीन.

रविवार, १३ जून

पडदा लावला. वाऱ्याने हलतो. ठमाआत्यांनी कैरीचा तक्कू दिला, उद्या दोघांना पुरेल एवढा. शेळीसाठी गजाच्या जागी तार ओढली.

खर्च, १५ एप्रिलपासून :
रंग, चार डबे, ८०
आंब्याच्या पेट्या दोन, २०
झालर (शेळीने खाल्ली), ४
कापड ५५, सळई १८
चौकट, ११०
गवंडी, एक दिवस, १४०
सिमेंट, वाळू, ६२
ब्रश, १४
खिळे, तार, ११
खडीसाखर, शेंगदाणे, २३
एकूण ५३७.

देणे : दादासाहेब, उचल, २००. गवंडी, राहिलेले, ४०. ठमाआत्या, वाटी एक, भरून.

उद्याचे तिकीट : जाताना एक, येताना दोन. बाजूला काढून ठेवले.

शिल्लक : रुपये नऊ. कुरडई एक, चौकोनी. तळायची नाही.